वळिवड्याची छावणी, गांधीनगरची पेठ

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान पोलंडला गेले आणि वॉर्सा शहरातल्या कोल्हापूर स्मारकापुढे त्यांनी पुष्पचक्र वाहिले. त्यानंतरचे दोन दिवस आमच्या जिल्ह्यात दुसरा विषय नव्हता. माझ्या मोबाइलवर तो एकच फोटो अकरा जणांनी पाठवला. ‘करवीरनगरीचे मोठे मन’, ‘कोल्हापूरकरांनी जगाला आसरा दिला’ असे काहीबाही त्याखाली लिहिलेले. अभिमान मलाही वाटला. युरोपातल्या एका राजधानीत आपल्या गावाचे नाव दगडावर कोरलेले असणे ही लहान गोष्ट नाही.

त्याच सुमारास गणपतीआधीच्या कापडखरेदीसाठी आम्ही घरची मंडळी गांधीनगरला गेलो होतो. गल्ल्यावर पस्तिशीचा मालक बसला होता. मी त्याला तो फोटो दाखवला आणि विचारले, “ही छावणी म्हणजे हीच जागा. माहीत आहे का?” तो हसला. “माहीत हाय की काका. आमचं आजोबा त्याच बराकीत उतरल्यालं. पण आमच्याकडं फुलं घेऊन कोण येतंय?”

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गिऱ्हाईक चहाला थांबले की दुकानदार जे बोलतो, त्यातलेच ते. पण मला ते लागले. एकाच माळरानावर, एकाच बराकींत, पाच वर्षांच्या अंतराने दोन परक्या समाजांचे निर्वासित येऊन राहिले. पहिले निघून गेले, त्यांचे स्मारक झाले. दुसरे इथेच राहिले, तर त्यांच्याबद्दल आमच्याकडे चार ओळीही कुणी लिहून ठेवल्या नाहीत. असे का व्हावे, याचा शोध मी गेली दोन वर्षे जमेल तसा घेतो आहे. मी पदवीधर संशोधक नाही. साखर कारखान्याच्या शेती खात्यात कारकुनी केली, आणि उसाच्या नोंदी लिहिता लिहिता जुन्या कागदांची चटक लागली, एवढेच माझे भांडवल. पण या विषयात माझ्याकडे एक असा कागद आहे, जो विद्यापीठातल्या कुणाकडे नाही. तो म्हणजे माझ्या वडिलांची खतावणी. तिच्याकडे मी पुढे येतोच.

आधी पहिल्यांची हकिकत. १९३९ च्या सप्टेंबरात जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून पोलंड गिळला. पूर्वेकडच्या मुलखातली लाखो माणसे १९४० आणि १९४१ मध्ये मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. तिथे जंगलतोड, खाणी, उपासमार. मग १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि कालचे कैदी रशियाला एकदम मित्रराष्ट्राचे नागरिक ठरले. त्यांची सुटका झाली, जनरल आंडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहिले, आणि १९४२ मध्ये या सैन्याबरोबर हजारो बायकामुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. तिथून त्यांची पांगापांग झाली. कुणी पूर्व आफ्रिकेत गेले, कुणी न्यूझीलंडला, कुणी मेक्सिकोला. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी घर उघडले, ती कथा आता सर्वांना ठाऊक आहे. भारतात आलेल्यांपैकी सर्वांत मोठा जथा मात्र आमच्याकडे आला. १९४३ पासून वळिवड्याच्या माळावर सुमारे पाच हजार पोलिश माणसे राहिली. त्यांत पुरुष थोडे, बायका आणि मुलेच फार. पुरुष लढाईवर होते, नाही तर सैबेरियाच्या बर्फात राहिले होते.

ही मंडळी इराणातून बोटीने आधी कराचीला उतरली होती, तिथल्या तात्पुरत्या छावणीत राहिली होती आणि तिथून रेल्वेने कोल्हापूरकडे आली होती. कराची हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

वळिवड्याची छावणी म्हणजे एक लहानसे पोलंडच होते. लांबच लांब कौलारू बराकी, त्यांचे पाडलेले भाग, प्रत्येक कुटुंबाला दोन खोल्या आणि पुढे पडवी. चर्च होते, दवाखाना होता, नाटक-सिनेमाची जागा होती. प्राथमिक शाळांपासून मॅट्रिकपलीकडच्या वर्गांपर्यंत सगळे शिक्षण पोलिश भाषेत, पोलिश अभ्यासक्रमाने चाले. स्काउटची पथके होती. छावणीचा प्रमुखही पोलिश, कॅप्टन यागिएलोविच नावाचा. खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारच्या नावे पडत असे. आसपासच्या गावांतले भाजीवाले, दूधवाले, अंडीवाल्या बायका छावणीत येत. एका पोलिश तरुणीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केले आणि ती जन्मभर इथलीच होऊन राहिली, हेही खरे. पण अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी.

याचा अर्थ ती माणसे तुसडी होती असा नाही. त्यांना इथे राहायचेच नव्हते, आणि त्यांनी इथे राहावे असे कुणाच्या मनातही नव्हते. छावणीची सगळी रचना परत जाण्यासाठी होती. मुलांना पोलंडचा भूगोल शिकवला जाई. पंचगंगा ही त्यांच्या पोहण्याची जागा होती, अभ्यासाची नव्हे. बायकांना शिवणकाम-भरतकाम शिकवत, ते हाताला काम असावे आणि पुढे मायदेशी उपयोगी पडावे म्हणून. इथल्या बाजारात उभे राहून पोट भरण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. मी याला दोष देत नाही. सैबेरियातून हाडे घेऊन आलेल्या मुलांना पाच वर्षे शाळा, अन्न आणि आपली भाषा मिळाली, यापेक्षा मोठे पुण्य काय असू शकते? फक्त त्याचे नाव आसरा. समाजात सामावून घेणे ही निराळी गोष्ट आहे, आणि आपण भाषणांत या दोन्हींची सरमिसळ करतो.

परत जायचे ठरले होते ते घर मात्र उरले नाही. युद्धानंतर पोलंडचा पूर्वभाग सोव्हिएत रशियातच राहिला. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. छावणीचा कारभार आधी ‘उन्रा’ या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेकडे आणि मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेला. काही थोडे लोक पोलंडला परतले. ज्यांचे नवरे, भाऊ, बाप पोलिश सैन्यात होते ते इंग्लंडला गेले. इतर आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे विखुरले. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या कबरी तेवढ्या मागे राहिल्या.

इंग्लंडला गेलेल्यांचे पुढे काय झाले हे इथे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्यावाचून माझा मुद्दा लंगडा राहील. तिथेही त्यांना आधी लष्करी छावण्यांतल्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्याच मिळाल्या. परंतु १९४७ मध्ये ब्रिटनच्या पार्लमेंटने पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला. सैनिकांसाठी आधीच एक पुनर्वसन दल काढले होते. त्यात नाव नोंदवायचे, पगार घ्यायचा आणि मुदतीच्या आत नागरी काम शोधायचे. इंग्रजीचे वर्ग निघाले, शिक्षणासाठी स्वतंत्र समिती नेमली गेली. कोळशाच्या खाणींना माणसे हवी होती, तरी खाणकामगारांच्या संघटनेने पोलिश मजूर घेण्याला बराच विरोध केला. ‘आमच्या पोरांच्या नोकऱ्या जातील’ हा सूर तिथेही होताच. हळूहळू मात्र खाणी, कापडगिरण्या, वीटभट्ट्या यांतून ही माणसे तिथल्या समाजात मिसळली. म्हणजे वळिवड्यात पाच वर्षे ज्यांनी स्थानिक भाषेचे वाक्य जुळवले नाही, तीच माणसे इंग्लंडात कामगार, शिक्षक, घरमालक झाली. माणसे तीच होती. इथे कुंपणाचे दार आतल्या बाजूला उघडत होते, तिथे ते रस्त्यावर उघडले.

आता दुसऱ्यांकडे वळू.

सिंध आणि आपण यांचा संबंध १९४७ मध्ये जडला असे पुष्कळांना वाटते. तो त्याच्या शंभर वर्षे आधीचा आहे. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला, चार वर्षांनी तो मुंबई इलाख्याला जोडला आणि १९३६ पर्यंत तो मुंबईचाच भाग होता. पुण्या-साताऱ्याचे अंमलदार बदलीवर कराची-हैदराबादला जात. कराचीतली पहिली सरकारी शाळा आजही ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी गृहस्थ होते. सिंधी व्यापाऱ्यांची एक जुनी लिपी होती, खुदाबादी. बहुतेक व्यापारी लिप्यांप्रमाणे तीत स्वरचिन्हे जवळजवळ नव्हती. १८६८ मध्ये मुंबई सरकारने ही लिपी प्रमाणित करण्याचे काम वैद्यांकडे सोपवले आणि तिला स्वरांची चिन्हे जोडली गेली. हे मी मुद्दाम सांगतो आहे. खतावणीत याचा धागा पुन्हा येईल.

फाळणी झाली तेव्हा पंजाबसारखा रक्तपात सिंधमध्ये झाला नाही. पुष्कळ सिंधी हिंदूंना वाटत होते की आपण इथेच राहू. पण तिकडून येणाऱ्या मुसलमान निर्वासितांची गर्दी वाढली, घरांवर ताबे पडू लागले आणि ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली. मग बंदरावर रांगा लागल्या. ज्या कराचीच्या धक्क्यावर पोलिश बायकामुले उतरली होती, त्याच धक्क्यावरून ही माणसे बोटीत चढली. मुंबईला उतरल्यावर त्यांची वाटणी युद्धकाळात बांधलेल्या आणि आता ओस पडलेल्या छावण्यांत झाली. कल्याणची लष्करी छावणी ही सर्वांत मोठी. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी तिथे उल्हासनगरची कोनशिला बसवली. पिंपरी, देवळाली इथेही वसाहती झाल्या. आणि काही हजार माणसे वळिवड्याला आली. पोलिश कुटुंबांनी पांढऱ्या चुन्याने रंगवलेल्या भिंती अजून तशाच होत्या, असे माझे वडील ऐकीव सांगत. वसाहतीला नाव मिळाले गांधीनगर.

ते वर्ष कोल्हापूरला काय होते हेही विसरता कामा नये. गांधीजींच्या हत्येनंतर शहरात जाळपोळ झाली. ब्राह्मणांची घरे, दुकाने, छापखाने जळाले, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली कुटुंबे नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडली. ‘मोठे मन’ लिहिताना आपण हे पान सोयीने उलटतो. शेजाऱ्याला बेघर करणारे हात आणि परक्याला जागा देणारे हात एकाच गावचे, एकाच साली.

सरकारने सिंधी निर्वासितांसाठी काय केले? बरेच केले, आणि ते पुरेसे नव्हते. छत दिले, सुरुवातीला फुकट शिधा दिला आणि १९४९ मध्ये तो आवरता घेण्याचे धोरण घेतले. युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी निघालेली रोजगार केंद्रे निर्वासितांना खुली झाली. १९४८ मध्ये धंद्यासाठी कर्ज देणारी पुनर्वसन वित्त संस्था स्थापन झाली. १९५० मध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेच्या दाव्यांचा कायदा आला आणि १९५४ मध्ये भरपाईचा. दावा जितका मोठा तितके भरपाईचे प्रमाण कमी, असा हिशेब होता. भरपाई येईपर्यंत पहिली सहा-सात वर्षे निघून गेली, आणि माणूस जगतो की मरतो हे त्या पहिल्या वर्षांतच ठरते.

या वर्षांत गांधीनगरची माणसे गावोगाव फिरली. आमच्या भुदरगड तालुक्यातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवते. डोक्यावर गाठोडे, हातात कापडी पिशवी, दोन वाक्यांचे मोडके हिंदी. पेन, कंगवे, आरसे, बांगड्या, छिटाचे तुकडे, घरच्या बायकांनी लाटलेले पापड. आठवडी बाजारात ती गोणपाटावर बसत. लोक त्यांना ‘निर्वासित’ म्हणत, आणि तो शब्द जातीसारखा वापरत. “निर्वासिताकडनं आणलंय” म्हणजे स्वस्त आहे, टिकेल याची खात्री नाही. त्यांना मात्र हा शब्द आवडत नसे. उत्तरेकडच्या वसाहतींप्रमाणे इकडेही त्यांच्यातले पुष्कळ जण स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेत.

सिंधी माणूस जन्मजातच व्यापारी, म्हणून तो तरला, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मला हे पटत नाही. सिंधी हिंदूंत भाईबंद म्हणजे व्यापारी होते, तसे आमिल म्हणजे दप्तरातले, वकिलीतले, शाळांतले लोकही होते. ज्या दुकानदाराची हकिकत मी पुढे सांगणार आहे, त्याचा बाप शाळामास्तर होता आणि स्वतः तो कराचीत कॉलेजात जात होता. त्याने आयुष्यात पहिल्यांदा गज हातात धरला तो वळिवड्यात. ‘रक्तातच धंदा’ असे म्हणताना आपण त्या माणसाचे श्रम तर पुसतोच, पण आपल्यावरची जबाबदारीही झटकतो.

आता वडिलांची खतावणी. वडील जातीने आणि धंद्याने शिंपी. गारगोटीजवळच्या आमच्या गावात एक मशीन घेऊन ते ओट्यावर बसत. १९६१ मध्ये त्यांनी ठरवले की शिवणाबरोबर थोडे कापडही ठेवावे. कोल्हापूर शहरातल्या घाऊक पेढीवर ते गेले, तेव्हा त्यांना पाटावर बसवलेसुद्धा नाही. “कुणाच्या ओळखीनं आलास?” हा पहिला प्रश्न. ओळख नव्हती, शेतीवाडी नव्हती, पत नव्हती. रोख दे आणि माल ने. वडिलांच्या खिशात चाळीस रुपये होते. (त्या पेढीचे नाव ते शेवटपर्यंत सांगत, मी लिहीत नाही.) कुणीतरी सांगितले म्हणून ते तसेच वळिवडे स्टेशनवर उतरले आणि बराकीच्या एका खोलीत, जिथे पुढे दुकान आणि मागे पडद्याआड संसार होता, तिथे पोहोचले.

खतावणीतली पहिली नोंद अशी आहे: मांजरपाट एक ताका, छिटाचे दोन तुकडे, परकराचे कापड, चोळीचे खण एक डझन, एकूण पंच्याऐंशी रुपये, पैकी रोख जमा चाळीस, बाकी नावे पंचेचाळीस.

हे पंचेचाळीस रुपये मी पुष्कळदा पाहत बसतो. तेरा वर्षांपूर्वी सर्वस्व सोडून आलेल्या माणसाने, ज्याचे गाव त्याने पाहिले नव्हते अशा शिंप्याला ते सोडले. का? वडिलांचे उत्तर साधे होते: “त्याला जुनं गिऱ्हाईक कोण देणार? शहरातल्या पेढ्यांची गिऱ्हाइकं बांधलेली. त्याला माझ्यासारखंच कुणीतरी पायजे होतं.” ज्यांना जुन्या बाजारात पत नव्हती अशा दोघांनी एकमेकांना पत दिली. आमच्या भागातल्या कित्येक गावांत शिंपी, कोष्टी, अल्पभूधारक मराठा, बागवान अशा घरांतली कापडाची पहिली दुकाने याच वाटेने निघाली आहेत. दक्षिण महाराष्ट्र, कोकण आणि बेळगावकडचा मुलूख ज्या गांधीनगरच्या पेठेवर आज कपडे घालतो, ती पेठ या लहान दुकानदारांच्या उधारीवर उभी राहिली. आणि लहान दुकानदार त्या पेठेच्या उधारीवर.

उधारीचे गणित आमच्याकडे गुळाशी बांधलेले असे. गुऱ्हाळे संपली, गूळ कोल्हापूरच्या मार्केटात गेला, अडत्याकडून पट्टी आली की शेतकरी दुकानदाराचे देणे भागवी आणि दुकानदार गांधीनगरचे. शेठ हे दोनच हंगामांत शिकला. पुढे पुढे तो वडिलांना विचारी, “पावणं, यंदा गुळाला भाव काय म्हणतोय?” त्याच्या तोंडी मराठी आली ती अशी, गूळ आणि पट्टीच्या वाटेने, शाळेच्या वाटेने नव्हे. इचलकरंजीची मागावरची पातळे पंधरा मैलांवर मिळत होती, सुरत-अहमदाबादचा माल रेल्वेने येत होता. नफा कमी, फिरत जास्त. माल घेतल्या भावात विकायचा आणि रिकाम्या खोक्याच्या पैशावर पोट भरायचे, अशी त्यांची आख्यायिकाच झाली होती.

मी हे गोडगुलाबी रंगवू इच्छित नाही. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा असे. व्याज कुठे लिहिलेले नसे, ते कापडातच विणलेले असे. १९७० च्या आसपास आजोबांच्या आजारपणात वडिलांची बाकी दोन दिवाळ्या थकली, तेव्हा शेठ एसटीने आमच्या गावी आला, ओट्यावर बसला आणि चार माणसांत पैसे मागितले. आई त्याचा हा अपमान पुढे वीस वर्षे काढत असे. पण खतावणी असेही सांगते की त्याच दिवाळीला त्याने पुढचा माल थांबवला नाही. फक्त रक्कम निम्म्यावर आणली. सावकार जमिनीवर डोळा ठेवून थांबतो. याला आमची जमीन नको होती आणि ती आमच्याकडे नव्हतीही. याला आमचे दुकान चालायला हवे होते.

वडील थोडीफार मोडी वाचत. शेठ आपली वही खुदाबादीत लिही, वैद्यांनी स्वर जोडण्याआधीच्या जुन्या वळणाने, बिनमात्रांची. दोघे कधी कधी एकमेकांच्या वहीत डोकावत आणि हसत. एकाला दुसऱ्याचे अक्षर लागत नसे, आणि दोघांच्याही मुलांना बापाचे अक्षर लागत नसे. शेठच्या मुलांची शाळा मराठीत आणि मग इंग्रजीत झाली. सिंधी भाषा १९६७ मध्ये राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली खरी, पण तिला तिच्या नावाचा प्रांत नाही. ती अरबी लिपीत लिहावी की देवनागरीत, हा वाद पंडितांत चालू राहिला आणि घराघरांतून ती भाषा हळूहळू आजीपुरती उरली. गल्ल्यावरचा तो पस्तिशीचा मालक माझ्याशी अस्सल कोल्हापुरी बोलतो. त्याला सिंधी वाचता येत नाही. पोलिश मुलांनी पाच वर्षांत आपली भाषा शाबूत नेली, यांनी ती इथे रुजताना खर्ची घातली. समाजात सामावणे याला आपण जे म्हणतो त्याची किंमत कुणीतरी मोजलेली असते, आणि ती आपल्या हिशेबात कुठेच नावे पडत नाही.

उलट आपण त्यांना काय दिले? साप आणि सिंधी यांची जोडी लावणारी एक म्हण अजून आपल्या घरांत कुजबुजली जाते. ती पुरी लिहिण्याचीही मला लाज वाटते. करचुकवेगिरी, नकली माल, सगळे त्यांच्याच नावावर. बराकींच्या जागी तीनमजली दुकाने उभी राहिली की आमच्या लोकांना ती दिसतात. बराकीतल्या खोलीतच ज्यांचे आयुष्य सरले, ज्या बायकांनी तीस वर्षे पापड लाटले, ते दिसत नाहीत. ‘आम्ही त्यांना वसवले’ असे म्हणणारे पुढारी मी ऐकले आहेत. खतावणी तसे म्हणत नाही. आम्ही त्यांच्याकडून विकत घेतले, आम्ही त्यांचे देणे लागलो, कधी फेडले, कधी थकवले. पाहुण्याशी असा व्यवहार होत नाही. तो शेजाऱ्याशी होतो.

म्हणूनच स्मारकाचे कोडे मला थोडेसे उलगडते. २०१९ मध्ये वळिवड्यात जुने पोलिश रहिवासी आले, वाकलेल्या म्हाताऱ्या, काठी टेकत जुन्या जागा शोधणाऱ्या. समारंभ झाला, स्तंभ उभा राहिला. त्यांचे अश्रू खरे होते आणि आमचेही. जो निघून गेला त्याच्याशी हिशेब उरत नाही. त्याच्या आठवणीत आपण नेहमीच चांगले असतो. जो राहिला त्याच्याशी जागेवरून, भावावरून, निवडणुकीवरून रोज कुरबूर असते, आणि कुरबुरीला कुणी फुले वाहत नाही. तरीही, बाहेरून आलेल्यांना कामाला आणि समाजात कसे घ्यावे याचा धडा आपल्या जिल्ह्यात शोधायचा असेल, तर तो मला स्तंभापाशी सापडला नाही, पेठेत सापडला. आज आमच्याच शहरांत बांधकामावर, हॉटेलांत दूरदूरची माणसे येताहेत. त्यांना पाटावर बसवणारी पेढी कोणती, हे मी अधूनमधून पाहत असतो.

वडिलांनी १९९६ मध्ये दुकान बंद केले. डोळे गेले होते. शेवटचे देणे चारशे बारा रुपये होते. मी आणि ते दोघे गांधीनगरला गेलो. शेठ ऐंशीला टेकलेला, गादीवर लोडाला रेलून बसला होता. धंदा मुलगा बघत होता. मुलगा म्हणाला, “राहू द्या अण्णा, एवढ्या वर्षांचं नातं आहे.” म्हाताऱ्याने हात वर करून त्याला गप्प केले. वडिलांनी दिलेल्या नोटा त्याने डोळ्यांजवळ नेऊन एक एक मोजल्या, दोनदा मोजल्या. मग जुनी वही मागवली, पान काढले आणि आपल्या त्या बिनमात्रांच्या अक्षरात एक ओळ लिहून खाली आडवी रेघ मारली. वडिलांनी मला विचारले, काय लिहिलंय? मला येत नव्हते. मुलालाही येत नव्हते. म्हाताऱ्याने वही मुलापुढे सरकवली आणि त्याला मराठीत लिहायला सांगितले. मुलाने रेघेखाली लिहिले: खाते चुकते.

मग चहा आला.